गोठ्यातले प्रश्न : लस दिली तरी लाळ आलीच कशी?

मागच्या महिन्यात लसीकरणावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि इतके मेसेज आले, त्यात अर्ध्या तर व्हॉइस नोट, मागे म्हैस ओरडतेय आणि मधेच कुणीतरी "अगं दावं सुटलं बघ" म्हणतंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण दोघा-तिघांनी आपल्या दवाखान्याबद्दल जे लिहिलंय ते छापून आलं तर पुढच्या खेपेला त्यांच्या गोठ्यात कुणी यायचं नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडे ९ संकरित गायी अन् ५ वासरं आहेत. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा न चुकता करतो, बिल्ले पण मारलेत. यंदा लस नोव्हेंबरच्या शेवटी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या त्यांच्या बैलांसकट दिवाळीनंतर लगेच आल्या होत्या. डिसेंबर लागला आणि ३ गायींना लाळ आली, एकीचं दूध १४ लिटरवरनं ४ वर. मग लस बोगसच समजायची ना? (एक दूध उत्पादक, माळशिरस तालुका)

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे दादा. टोळ्या आधी आल्या, लस नंतर झाली. लस टोचली म्हणजे त्याच संध्याकाळी जनावर सुरक्षित झालं असं नसतं, अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. आणि हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस घेतो, म्हणजे लस टोचली त्या दिवशी तुमच्या एखाद्या गायीत तो आधीच बसलेला असेल तर लस काय करणार बिचारी.

ऊसतोडीच्या बैलांचं सांगतो, कारण दरवर्षी हाच घोळ होतो आणि दरवर्षी शिव्या त्या बैलवाल्यांना बसतात. बीड, जालना, पाथर्डीकडून बैलं निघतात, वाटेत दहा ठिकाणी पाणी पितात, कारखान्याच्या तळावर शेकडो एकत्र बांधली जातात. त्यांच्या गावात लसीचा राऊंड सुरू होतो तेव्हा ती निघून गेलेली असतात, आणि इकडच्या गावाच्या यादीत ती नसतातच. दोन्हीकडच्या कागदावर लसीकरण झकास आणि मधल्या मधे ती बैलं मोकळी. माझं तर मत आहे की यांची लस सप्टेंबरातच त्यांच्या गावात उरकली पाहिजे, निघायच्या किमान तीन आठवडे आधी, आणि तुमच्याकडची त्याच सुमाराला. तळावर बैलं आल्यावर लस घेऊन धावणं म्हणजे वरात निघाल्यावर घोड्याला नाल ठोकणं.

आता बाकीचं भराभर. वासरांना पहिली लस चौथ्या महिन्यात आणि एक महिन्याने बूस्टर, हा बूस्टर निम्म्या गोठ्यांत राहूनच जातो. मोठ्यांना दर सहा महिन्यांनी, कारण ही ताकद टिकतेच तेवढी, नऊ महिन्यांनी केली तर मधले तीन महिने दार उघडं. दुसरं, आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार असतात आणि एकाची ताकद दुसऱ्याला चालत नाही. फिरणारा विषाणू बदलत असतो, म्हणून लसीतला वाण त्याच्याशी जुळतो का हे प्रयोगशाळेत तपासत राहावं लागतं, ते काही तुमच्या-माझ्या हातात नाही.

आणि कोल्ड चेन. ही लस २ ते ८ अंशात ठेवायची. उन्हात तापली तर खराब होते हे सगळ्यांना माहितीय, पण गोठली तरी ती खराबच होते हे फार कमी लोकांना माहीत असतं. ही तेलातली लस आहे, बर्फ झाला की तेल-पाणी फुटतं, मग वितळवून हलवून टोचली तरी उपयोग नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः एका ठिकाणी फ्रिजच्या वरच्या फ्रीझरमध्ये नीट रचून ठेवलेल्या बाटल्या बघितल्यात, ठेवणाऱ्याला वाटलं जास्त गार म्हणजे जास्त चांगली. त्या बाटल्या मी फेकल्या, पण त्याआधीच्या पेटीतल्या टोचून झाल्या होत्या आणि रजिस्टरला १०० टक्के लसीकरण.

प्रश्न : लस दिली की दूध कमी होतं अन् मानेवर गाठ येते म्हणून आमच्या गल्लीत कुणी लस करू देत नाही. खरंय का? (वाई)

हो, खरंय. दोन-चार दिवस थोडं दूध उतरतं, अंग तापतं, कधी टोचलेल्या जागी गाठ येते आणि हळूहळू बसते. खोटं सांगून लस देऊ नका, म्हणजे लस देणाऱ्यांना सांगतोय. आधी सांगितलं तर माणूस ऐकतो, नंतर कळलं तर पुढच्या वेळी गोठ्याला कुलूप. आणि वरच्या दादांचा १४ वरून ४ चा हिशोब गल्लीत वाचून दाखवा. गाभण जनावर शेवटच्या महिन्यात असेल तर धरपकडीने त्रास होतो म्हणून डॉक्टर पुढे ढकलतात, ते ठीक, पण व्यायल्यावर आठवणीने करून घ्यायची.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात लसीकरण म्हणजे लस आली की होतं, कधी येते कुणाला माहीत नसतं. गावानेच वर्षाचं प्लॅनिंग करायचं म्हटलं तर सुरुवात कुठनं करायची? (परांडा तालुका)

हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं, फार क्वचित भेटतो.

सुरुवात लसीपासून करू नका, मोजणीपासून करा. गावात गायी किती, म्हशी किती, बैल, शेळ्या, मेंढ्या किती, आणि मुख्य म्हणजे चार महिन्यांच्या आतली वासरं-रेडकं किती आणि पुढच्या सहा महिन्यांत वेणाऱ्या किती. ही शेवटची संख्या कुणी काढत नाही. आणि तिथंच गळती असते, कारण मार्चमध्ये तुम्ही गावातलं एकूण एक जनावर टोचलं तरी सप्टेंबरपर्यंत जी वासरं जन्मली ती आणि बाजारातून जी जनावरं आली ती कोरीच. कानातला १२ अंकी बिल्ला यासाठीच आहे, नुसता खरेदी-विक्रीला अडवतात म्हणून मारायचा नाही. बिल्ल्याच्या नंबरावर ऑनलाइन नोंद झाली की कुणाची कधी झाली ते दिसतं.

एक छोटा हिशोब सांगतो, मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवा. समजा गावात ५०० जनावरं, लस झाली ४०० ना, म्हणजे ८० टक्के, आपण खूश. पण ४०० पैकी प्रत्येकाच्या अंगात ताकद येतेच असं नाही, कुणी अशक्त, कुणी जंतांनी भरलेलं, कुणाला अर्धाच डोस गेला कारण त्याने हिसडा मारला. समजा ८५ टक्के लागली, तर राहिले ३४०. म्हणजे ५०० मध्ये ३४०, ८० टक्के वाटत होते ते ६८ निघाले. आणि उरलेली १६० गावभर विखुरलेली असती तर एकवेळ चाललं असतं, पण ती सगळी विखुरलेली नसतात, त्यातली लसच न झालेली १०० बहुतेक एकाच वस्तीत असतात जिथं रस्ता नाही नाहीतर जिथल्या पुढाऱ्याचं डॉक्टरशी भांडण आहे. रोग बरोबर तिथंच घर करतो. म्हणून टक्केवारी गावाची काढू नका, वस्तीवार काढा.

मग कॅलेंडर. तारीख ठरवताना रोग कधी येतो ते बघायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं. घटसर्प पावसाळ्याच्या तोंडाला येतो, दमट हवा, अंगावर पाऊस, चाऱ्याची बोंब, आणि म्हशी पटापट जातात, सकाळी घसा सुजलेला दिसला की संध्याकाळपर्यंत खेळ खलास असंही बघितलंय. फऱ्या, म्हणजे मांडी-खांदा सुजवणारा रोग, तोही त्याच दिवसांत, आणि तो पण नेमकी धष्टपुष्ट जनावरं पकडतो, सहा महिने ते दोन-तीन वर्षांची. म्हणजे दोन्हींची लस मे महिन्यात. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आठवण होते आणि मग सगळे दवाखान्यासमोर उभे, तेव्हा उशीर झालेला असतो. लाळ्या-खुरकुताचे दोन राऊंड, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर, कारण वर सांगितलंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मजूर हलतात, मग जत्रा, तुमच्या भागातले लोक माळेगावच्या खंडोबाला जनावरं नेतात ती डिसेंबर-जानेवारीत. जत्रेला जाणाऱ्या जनावराची लस घरून निघायच्या तीन आठवडे आधी झालेली पाहिजे, आणि जत्रेतून आणलेलं जनावर दोन आठवडे तरी वेगळं बांधा. हे कुणी करत नाही. नवीन बैल आणला की आधी ओवाळतात आणि थेट जुन्या जोडीशेजारी बांधतात.

दोन वेगवेगळ्या लसींत साधारण दोन-तीन आठवडे अंतर ठेवा, किंवा खुरकूत-घटसर्प-फऱ्याची एकत्र लस मिळते, ती परवडत असेल तर डॉक्टरांना विचारा. जंताचं औषध लसीच्या पंधरा दिवस आधी. लसीचा दिवस पहाटे ठेवा, दुपारी नको, आणि गावात हाळी आदल्या संध्याकाळी द्या म्हणजे लोक जनावरं चरायला सोडणार नाहीत. हे क्षुल्लक वाटतं पण अर्ध्या जनावरांची लस राहते ती याच कारणाने, टीम आली तेव्हा गुरं माळावर होती.

पैशाचं विचारलंय तुम्ही. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला (गायी गाभडवणारा रोग) यांच्यासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला, पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये, त्यामुळे या दोन लसी फुकट आहेत. खुरकुताला २०३० पर्यंत संपवायचं असं त्यात ठरलंय. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फेब्रुवारीतच तुमची वस्तीवार यादी लेखी देऊन या. ज्या गावाची यादी टेबलावर आहे त्या गावाला डोस आधी सुटतात, हा माझा अनुभव आहे, नियम नाही.

प्रश्न : आमची मेंढरं दिवाळीनंतर खाली कोकणात उतरतात. लस कुठं करायची, इथं का तिथं? अन् पहिला पाऊस झाला की चांगली चांगली कोकरं पोट फुगून मरतात. (माण तालुका)

लस घरी, निघायच्या आधी, तिथं तुम्हाला कोण ओळखतंय. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस तीन महिन्यांवरच्या कोकरा-करडांना एकदा केली की साधारण तीन वर्षं बघायला लागत नाही, दरवर्षी फक्त नवीन जन्मलेली टोचायची, एवढी सोयीची लस दुसरी नाही. कोकरं मरतात ते बहुतेक आंत्रविषाराने. पावसानंतर कोवळं लुसलुशीत गवत अधाशासारखं खाल्लं की आतड्यातला जंतू एकदम वाढतो आणि विष सोडतो, म्हणून जे जास्त खातं, जे सगळ्यात तगडं दिसतं, तेच मरतं. मे महिन्यात लस, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि दुसरा डोस झाल्याशिवाय पहिल्याचा भरवसा नाही. पहिल्या पावसात सकाळी उपाशीपोटी एकदम हिरव्यावर सोडू नका, थोडं वाळलं घालून सोडा. पण मेल्यावर एखादं तरी कोकरू फाडून बघायला डॉक्टरला बोलवा, म्हणजे पक्कं कळेल.

प्रश्न : शेजारच्या गावात लम्पी आलाय. आमच्याकडे अजून नाही. लस केल्याने उलट रोग येतो म्हणतात. (जामनेर)

रोग येतो तो लसीने नाही, सुईने. एकच सुई घेऊन अख्खी गल्ली टोचत गेलात आणि त्यात एक जनावर आतून आजारी असेल तर पुढच्या प्रत्येकाला तुम्हीच रोग वाटला. प्रत्येक जनावराला नवी सुई, यावर अडून बसा, टीम घाईत असली तरी.

लम्पी २०१९ ला ओडिशात पहिल्यांदा दिसला, २०२० मध्ये गडचिरोलीकडून आपल्याकडे आला आणि २०२२ ला काय झालं ते तुमच्या जळगाव जिल्ह्याला सांगायची गरज नाही, रावेरकडून सुरुवात झाली होती. तेव्हापासून वापरतात ती शेळ्यांच्या देवीची लस, दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले म्हणून चालते. हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीची लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली, पण जाहीर होणं आणि तुमच्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये येणं यात बराच काळ जातो.

साथ जवळ आली की नियम असा : ज्या गावात रोग आहे त्याच्याभोवती पाच किलोमीटरचं कडं धरायचं आणि लस बाहेरून आत करत यायची, आतून बाहेर नाही. आग विझवायला जाणारा माणूस आधी भोवतीचं गवत कापतो तसं. बाधित गावातून निघालेला माणूस, गाडी, सुई, दोर काहीच निरोगी गावात जाऊ नये. आजारी जनावराला लस द्यायची नाही. तुमच्याकडे अजून नाहीये म्हणताय तर आज करा, उद्या नको. आणि लसीला आठवडे लागतात तोवर गोचीड, माश्या, डास यांचा बंदोबस्त, कारण हा रोग त्यांच्यावर बसून फिरतो. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब न्या.

प्रश्न : ब्रुसेलाची लस फक्त कालवडींनाच का? माझ्या गायी गाभडतात तर त्यांनाही द्या की. (एक ताई, राहुरी)

नाही ताई, मोठ्या गायींना नाही आणि वळूला तर अजिबात नाही. ही जिवंत जंतूची लस आहे, कमजोर केलेला पण जिवंत. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासराला एकदाच द्यायची, गाभण गाय टोचली तर लसीनेच गाभडू शकते. तुमच्या गायींचं रक्त आधी तपासून घ्या, गाभडण्याची कारणं दहा असतात. आणि हात जोडून सांगतो, गाभडलेलं वासरू, वार, घाण हाताने उचलू नका, हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा. हा रोग माणसाला होतो, चढ-उतार करणारा ताप, सांधे धरतात आणि महिनोन् महिने निदान होत नाही. कच्चं दूध घरात कुणी पीत असेल तर आजपासून बंद. लस टोचणाऱ्यानेसुद्धा चष्मा आणि हातमोजे घालायचे असतात, नसतील घातले तर तुम्ही त्याला रागवा.

प्रश्न : मी पशुवैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बुळकांडी जगातून गेली मग लाळ्या-खुरकूत का जात नाही? एवढे पैसे खर्च होऊनही? (परभणी)

आधी नावाचा घोटाळा सोडवतो, कारण आजकाल पीपीआरलाही लोक शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. तू विचारतोयस ती गुरांची, रिंडरपेस्ट. माझे आजोबा तिचं नाव घेताना आवाज खाली करायचे. तिच्यासाठीच इंग्रजांनी १८८९ ला प्रयोगशाळा काढली, आणि बहुतेकांना माहीत नसतं की ती आपल्या पुण्यात सुरू झाली, पुढे १८९३ ला हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, तीच आजची आयव्हीआरआय, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. रोगाचे जंतू घेऊन गुरांच्या वस्तीत बसण्यापेक्षा डोंगरात गेलेलं बरं. १९२० च्या दशकात तिथं एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने विषाणू शेळीतून फिरवून फिरवून मऊ केला आणि त्याची लस केली. मग १९६० च्या सुमाराला केनियात प्लोराइट या शास्त्रज्ञाची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस आली. भारतात शेवटची साथ १९९५ ला, जग २०११ ला मुक्त.

आता फरक बघ. बुळकांडीचा विषाणू कितीही फिरला तरी एकाच लसीला ऐकायचा, लस एकदा केली की जन्मभर पुरायची, बरं झालेलं जनावर रोग घेऊन फिरायचं नाही. खुरकुताचे सात प्रकार, लस सहा महिन्यांची, आणि बरी झालेली गाय घशात विषाणू घेऊन वर्ष-दोन वर्षं हिंडते. वर शेळ्या, मेंढ्या, डुकरं, रानातली हरणं, सगळ्यांना होतो, आणि वाऱ्यावरही जातो. एवढं सगळं उलटं असताना अवघड तर आहेच.

पण परीक्षेत न विचारलं जाणारं सांगतो. बुळकांडी नुसती सगळ्यांना टोचून गेली नाही. वर्षानुवर्षं सरसकट लस टोचली, आकडे मोठे झाले आणि रोग कोपऱ्या-कोपऱ्यात तग धरून राहिला. शेवटच्या टप्प्यात लोकांनी उलटं केलं, रोग नेमका कुठं जिवंत आहे ते शोधलं, रक्ताचे नमुने घेऊन खरंच ताकद आलीय का मोजलं, आणि मग एका दिवशी लस बंद केली. बंद केल्याशिवाय रोग गेला हे सिद्ध कसं करणार? लस सुरू ठेवली तर लसीने झाकलाय का खरंच गेलाय ते कळत नाही. ती बंद करायची हिंमत हाच प्लॅनिंगचा सगळ्यात अवघड भाग होता असं मला वाटतं. खुरकुतात निदान एक सोय आहे, लसीने आलेली ताकद आणि खऱ्या रोगाने आलेली यात फरक दाखवणारी तपासणी आहे. आपण ती किती करतो आणि किती डोस टोचले एवढंच किती मोजतो, यावर इंटर्नशिपमध्ये डोळे उघडे ठेवून बघ.

युरोपवाले लस का देत नाहीत असंही विचारलंयस. त्यांच्याकडे रोग एरवी नसतो, आणि लस दिली की निर्यातीला अडचण येते, म्हणून आला तर मारून टाकतात. २००१ ला इंग्लंडात अशी ६० लाखांहून जास्त जनावरं मारली. आपल्याला ते जमणारही नाही आणि जमू पण नये.

प्रश्न : गोव्यात भटक्या कुत्र्यांना जाळी टाकून पकडतात, इंजेक्शन देतात आणि रंगाचा ठिपका लावून सोडून देतात. नेऊन का टाकत नाहीत? (फोंडा)

नेऊन टाकलेल्या कुत्र्याची जागा आठवड्यात दुसरा घेतो आणि तो कोरा असतो. लस दिलेला कुत्रा गल्लीत राहिला तर तो पहारा देतो, नवीन घुसू देत नाही. साधारण ७० टक्के कुत्रे दरवर्षी टोचलेले असले तर रेबीजची साखळी तुटते. ठिपका त्याच्यासाठीच, दोन दिवसांनी माणसं परत फिरतात आणि ठिपकेवाले किती, बिनठिपक्याचे किती ते मोजतात, कमी पडलं तर त्याच वाड्यावर परत. २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं ते याच चिकाटीवर. आमच्या गुरांच्या राऊंडनंतर असं मोजायला कुणी परत फिरलेलं मी बघितलेलं नाही. कुत्रा चावला तर मात्र ठिपका बघत बसू नका, जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : परसातल्या ४० कोंबड्या आहेत. मानमोडीची लस पाण्यातून देते पण दरवर्षी मरतातच. (देवरुख)

नळाचं पाणी वापरताय का? त्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं घ्या, त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळा, कोंबड्यांना आधी दीड-दोन तास पाणी देऊ नका म्हणजे सगळ्या एकदम पितील, आणि भांडं प्लॅस्टिकचं, पत्र्याचं नको. सकाळी लवकर, सावलीत, दोन तासांत संपेल एवढंच पाणी.